कमळीला विचारायची रीत

येळवसेच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्षातल्या चतुर्दशीला, मी सकाळपासून ओट्यावर बसून भज्जीचं सामान निवडत होते. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, मेथी, चुका, कांद्याची पात, असं शेतात आणि बाजारात मिळेल ते सगळं त्यात जातं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागते. दिवाळीला एखादा गावी आला नाही तर कुणी विचारत नाही, पण येळवसेला माणूस असेल तिथून स्वतःच्या शेतात येतो. तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोप, उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ती लक्ष्मी. तिला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल आणि गव्हाच्या खिरीचा निवद दाखवायचा आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. माझे आईवडील, माय आणि आण्णा, तेव्हा ढोकीच्या बाजूला उसाच्या फडात तोडीला होते. मुकादमाने त्यांना दोन दिवस सोडलं होतं. एक दिवस येळवसेचा आणि दुसरा कमळीच्या पिशवीचा. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. कमळीची पिशवी काढायचं ठरलं होतं. दवाखाना ठरला होता, जीप सांगून झाली होती.

कमळी माझी थोरली बहीण. मी तेव्हा अठरा पूर्ण करून बारावीला होते, ती बावीस वर्षांची. थोरल्या बहिणीला आमच्याकडे आक्का म्हणतात, पण मी तिला कधी आक्का म्हटलं नाही. नात्याने तिला कुणीच हाक मारत नव्हतं. घरात कमळी, गावात खुळी. ती बोलायला उशिरा लागली, आकडे तिला कधी आले नाहीत, पोलक्याचे हुक लावायला अर्धी सकाळ जायची. पण घरची अकरा शेरडं तिची होती. तिला अकरा मोजता येत नसत, तरी एखादं मागं राहिलं तर ती गोठ्याच्या तोंडाशी थांबायची आणि कितीही ओढलं तरी आत यायची नाही. अंधार पडायच्या आत कुणाला तरी माळावर जाऊन ते शोधून आणावंच लागे. कुठलं करडू कुठल्या शेळीचं हे ती नुसत्या वासावरून सांगायची, म्हणजे करडू उचलून नेऊन त्या शेळीच्या आचळाला लावायची. तिचं सांगणं तसंच असायचं.

आमच्या घरात मार हा तवा-परातीसारखा रोजच्या वापरातला होता. पहाटे कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, पाठोपाठ रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या टेपरेकॉर्डरचा दणदणाट, आणि या दोन्हींच्या मध्ये कुणाला तरी एक चपराक बसलेली असायची. आण्णा मायला मारायचे. माय आम्हा दोघींना मारायची. मी कमळीला मारायची. कमळी कुणालाच मारत नसे. हे मी आज सरळ लिहिते आहे, कारण आता लपवून कुणाचा फायदा नाही. पाळीच्या दिवसांत ती डाग पडलेल्या लुगड्याने गावातून शेरडं घेऊन आली, माझ्या मैत्रिणी हसल्या, म्हणून मी तिच्या कपाळावर तांब्या मारला होता. तिच्या डाव्या भुवईत केस नसलेली एक फट आहे, ती माझी.

कमळी कुणालाच मारत नसे, म्हणून लिंबाजीचं झालं तेव्हा गाव हादरलं. लिंबाजी आमचा बांधभाऊ, शेजारच्या शेताचा, चाळिशीतला, तीन लेकरांचा बाप. तुरीच्या पाट्यात, ओळींच्या आड, त्याने कमळीच्या पदराला हात घातला. ओरडा ऐकून मी पळत गेले. ओरडत होता तो. तो बांधावर बसून रक्त थुंकत होता, दोन दात मातीत पडले होते, आणि त्याचा एक कान अर्धा लोंबत होता. कमळी त्याच्यापासून दहा पावलांवर हातात दगड घेऊन उभी होती. तिच्या हनुवटीवर त्याचं रक्त होतं, पोलक्याची बाही खांद्यापासून फाटलेली होती आणि शेरडं तिच्या मागं गोळा झाली होती. दगड तिने संध्याकाळपर्यंत हातातून सोडला नाही.

आईवडिलांना फडातून बोलावून घेतलं. लिंबाजीचे भाऊ दारात आले.

"खुळी मोकळी सोडलीया व्हय रं गावावर? उद्या येखाद्याचा जीव घेईल ती."

मी मध्ये बोलले, "त्यानं हात घातला तिला. बाही बघा की."

थोरला भाऊ हसला. "खुळीला कोण हात लावंल? ज्याला बायकू मिळंना त्यो बी लावणार न्हाय."

आण्णांनी गोठ्यातलं दावं सोडलं, कमळीला दंडाला धरून लिंबाजीच्या अंगणात नेलं आणि सगळ्यांदेखत दाव्याने मारलं. भावकीत वैर नको, म्हणून. ओल्या दाव्याचा आवाज निराळाच येतो, कपडा आपटल्यासारखा. ती खाली बसली तरी मारलं, आडवी झाली तरी मारलं. शेवटी लिंबाजीची बायकोच म्हणाली, "बास करा आता भावजी, मरंल ती." तेव्हा थांबले. काय झालं हे तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी तिच्या पाठीला हळद-तेल लावलं आणि वर तिलाच बोलले, की चावायचं कशाला, पळून यायचं.

यानंतर पिशवीचं ठरलं. आमच्या टोळीतल्या बहुतेक बायांची पिशवी काढलेली होती. मायची काढली तेव्हा ती तिशीचीही नव्हती. पाळी आली की अंग मोडतं, उसाची मोळी उचलवत नाही, खाडा पडतो, म्हणून बाया एकमेकींना घेऊन जाऊन हे करून यायच्या. त्यामुळे कमळीचं काढायचं यात कुणाला वावगं वाटलं नाही. उलट मुकादमाची बायको म्हणाली, "तुमाला तर आधीच करायला पायजे हुतं." आणि तिला समजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेली.

मी तिला विचारलंही. पंधरा दिवसांपूर्वी, भाकरी खाताना. "कमळे, दवाखान्यात जायचं का? मग म्हयन्याचं काय न्हाय. फडकी न्हायत, धुणं न्हाय." ती म्हणाली, "व्हय." मी ट्रॅक्टरवाल्याबरोबर फडात निरोप धाडला, कमळी तयार आहे. मला त्याची घमेंड वाटली होती. बाकीच्यांनी तिला विचारलंदेखील नव्हतं, मी विचारलं होतं.

तर चतुर्दशीच्या सकाळी ओट्यावर आम्ही तिघी होतो. माय पहाटेच फडातून आली होती, ती चुलीवर उंड्यांचं बघत होती. कमळी माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होती. शेंगा सोलणं तिला छान जमायचं, एक दाणा सांडायचा नाही. माझ्या मनात कधीपासून एक प्रश्न घोळत होता, तो मी विचारला.

"माय, पिशवी काढली म्हंजी लिंबाजी हात लावायचा थांबंल का?"

मायने फुंकणी खाली ठेवली. "थांबत न्हाय," ती म्हणाली. "पर कुणाला कळत न्हाय."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, जणू भाजीत मीठ किती ते सांगते आहे. मी कमळीकडे वळले.

"कमळे, उद्या शेताला जायचं ना?"

"व्हय."

"का घरीच ऱ्हायचं?"

"व्हय."

"तुला हिरीत ढकलू का?"

"व्हय," ती म्हणाली आणि सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या सुपात रिकामी केली.

माय हसली. "खुळं ते. त्याला काय इचारतीस?"

मला हसू आलं नाही. तिला हा एकच शब्द आम्ही शिकवला होता. न्हाय म्हटलं की थोबाडीत बसते, व्हय म्हटलं की माणसं गप्प होतात आणि भाकरी मिळते. बावीस वर्षांत एवढं ती पक्कं शिकली होती. आणि त्या शब्दावर मी तिला दवाखान्यात पाठवत होते.

मग मला दिवाळीची गोष्ट आठवली. दोन करडांपैकी एक विकायचं होतं. आण्णांनी विचारलं, "पांढरं इकू?" व्हय. "का काळं?" व्हय. आण्णांनी तिला एक लाथ घातली. पण खाटीक आला, त्याने दोन्ही करडं तिच्यापुढं आणून ठेवली, तेव्हा तिने दोघांची पोटं चाचपली, तोंडं उघडून बघितली, कान ओढले. खाटकाचा चहा पिऊन झाला तरी तिचं बघणं चालू होतं. मग पांढरं त्याच्याकडे ढकललं आणि काळं मांडीत घेतलं. आण्णांना काळं द्यायचं होतं. त्यांनी ते ओढलं, तिच्या हातावर पाय दिला, पण तिने मांडी सोडली नाही. शेवटी खाटीकच म्हणाला, "ऱ्हावंद्या आण्णा, पांढरंच बरं हाय." तिला तोंडी विचारून काही हाती लागत नव्हतं. दाखवलं, हात लावू दिला आणि थांबलं, की कळायचं. घाई तिला नव्हतीच, ती आम्हाला असायची.

आता यासाठी कायदा आहे म्हणे. मतिमंद असो की आणखी कुणी, माणसाला स्वतःचा निर्णय घ्यायचा हक्क इतरांइतकाच, आणि लागेल तिथं आधार द्यायचा, त्याच्या जागी आपण ठरवायचं नाही. चांगला आहे. पण मध्यंतरी कमळीच्या दाखल्यासाठी आम्ही एका कचेरीत गेलो, तर टेबलामागचा तरुण माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "हिचे पालक कोण?" कमळीचे केस पांढरे झालेत. मी म्हटलं, "तिला विचारा." त्याने मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारलं. ती गप्प. तो वैतागला. मी म्हटलं, "चहा प्या तुम्ही, तोवर सांगेल." कायदा कागदावर आला, थांबायचं कसं ते अजून शिकवायचं आहे.

येळवसेच्या दिवशी आम्ही ऊन वर यायच्या आत शेतात गेलो. माय पाटी घेऊन पुढं, आण्णा डोक्यावरून घोंगडी घेऊन आंबिलाचा माठ सांभाळत, मागं मी, आणि सगळ्यात मागं शेरडांसह कमळी. आण्णांनी पूजा केली, पिकावर आंबिल शिंपडत शेताला फेरी मारली आणि येळवसेचे ठरलेले कानडी वळणाचे शब्द मोठ्याने म्हटले. त्यांचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नाही, पण सगळे म्हणतात. वाऱ्यावर ज्वारी सळसळत होती. भज्जीला त्या वर्षी चुका जरा जास्त झाला होता, तरी आण्णांनी दोनदा वाढून घेतली. त्या दिवशी ते खुशीत असायचे. जेवण झाल्यावर ते शेजारच्या कोपीवर आंबिल प्यायला गेले. मी याचीच वाट बघत होते.

"माय, पोट दाव."

"आँ?"

"पोट दाव कमळीला. पिशवी काढल्याचा वळ दाव."

"आज लक्ष्मीम्होरं कसलं पोट दावायला लावतीस, सटवे?"

"उद्या तिचं कापणार हायत. काय कापणार ते तिला बघू तर दे."

मायने मला एक शिवी हासडली. मग बाहेर बघितलं, कोपीच्या तोंडाकडे पाठ केली आणि लुगडं खाली सरकवलं. बेंबीपासून खाली बोटाएवढा जाड, वेडावाकडा वळ होता. मीही तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. मी कमळीचा हात धरून त्यावर ठेवला. करडाचं पोट चाचपावं तसा तिने तो वरून खाली, खालून वर चाचपला. मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होत होती, जीभ दाताखाली धरून बसले.

"कुणी?" तिने विचारलं.

"दागदरनं," मी म्हणाले.

"दुखलं?"

माय कोपीच्या कडब्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. मी तरी नव्हता विचारला.

"दुखतंय," माय म्हणाली. "मोळी उचलली की अजून दुखतंय."

कमळीने मायचं लुगडं वर ओढून वळ झाकला. मग मी तिच्या स्वतःच्या पोटावर बोट ठेवून वरून खाली ओढलं. "उद्या तुझं. हितं. असंच." आणि मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या, कारण एकच सांगायची चूक मी आधी केली होती. पाळी बंद होईल, धुणं राहणार नाही. लेकरू कधी होणार नाही. दुखेल. मायसारखं राहील. मग गप्प बसले. बाहेर कमळीची शेरडं खुरांनी माती उकरत होती. लांब कुठंतरी ट्रॅक्टरचं गाणं आलं आणि गेलं. तिने माझं बोट धरून आपल्या पोटावरून उचललं आणि माझ्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"नगं," ती म्हणाली. "मला नगं."

मी उलटीकडून विचारून बघितलं. "मग म्हयन्याचं ऱ्हायलंच. फडकी धुवावी लागत्याल."

तिने व्हय म्हटलं नाही. "धुती मी," म्हणाली.

"काय नगं?" आण्णा कोपीच्या तोंडाशी उभे होते.

मायने लुगडं सावरलं. "कमळी नगं म्हणतीया, अवो."

"तिला कुणी इचारलं?"

"म्या," मी म्हणाले.

त्यांनी कोपीला टेकवलेली बाभळीची काठी उचलली. पहिला फटका कमळीच्या पाठीवर, जिथं दाव्याचे वळ अजून पुरते बसले नव्हते. दुसरा कमरेवर. ती पालथी पडली आणि प्रत्येक फटक्याला म्हणू लागली, "व्हय. व्हय. व्हय." आण्णा थांबले, माझ्याकडे वळले. त्यांच्या ओठांच्या कडेला आंबिल वाळलं होतं.

"ऐकलंस का, शाणे? म्हणाली का न्हाय व्हय?"

आयुष्यात बरेच मार खाल्ले आणि पाहिले. पण माराचा विषय निघाला, की मला आधी ते वाक्य ऐकू येतं. त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. त्यांना होकार मिळाला होता.

"मारून म्हणाली," मी ओरडले. "म्या मारलं तर तुमी बी म्हणाल."

बापाला असं बोललेलं आमच्या गावात त्याआधी कुणी ऐकलं नसेल. काठी माझ्या डोक्याकडे आली. मी डावा हात वर केला आणि मनगट तुराटी मोडावी तसं मोडलं. आधी आवाज आला, दुखलं नंतर. मी खाली बसले. कमळी सरपटत आली आणि तिने आण्णांच्या पोटरीला दात लावले. ते बोंबलले, तिच्या केसांना धरून तिला फिरवलं, तिचं डोकं लक्ष्मीच्या दगडावर आपटलं. चुन्यावर रक्त उडालं. त्यांनी परत काठी उचलली, आणि या वेळी ती कुठं बसली असती ते मला आजही माहीत आहे, कारण ते तिच्या मानेकडे बघत होते.

मायने आंबिलाचा माठ दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या खांद्यावर फोडला.

माझी माय येळवसेला सांडलेला दाणासुद्धा वेचून कपाळाला लावायची. तो माठ रिकामा झाला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत कोपीत ठेवतात, त्याला तडा गेला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. आंबिल आण्णांच्या अंगावरून, दगडांवरून, कमळीच्या रक्तावरून वाहत बाहेर गेलं. त्यांचा हात लुळा पडला, खांद्याचं हाड गेलं असावं. पण ते खांद्याकडे बघत नव्हते. खापऱ्यांकडे बघत होते. ते मटकन बसले. लेकींची लाज वाटून ते थांबले असं मी म्हणणार नाही. अपशकुनाला भिऊन थांबले. आजूबाजूच्या शेतांतली माणसं आपापल्या कोपीपुढं उभी राहून बघत होती. जेवायला हाताला धरून ओढणारी माणसं ती, त्या दिवशी बांध ओलांडून कुणी आलं नाही.

मायने माझं मनगट दोन तुराट्यांत धरून आपल्या पदराच्या चिंध्यांनी बांधलं, कमळीच्या डोक्यात चुना आणि हळद भरली. घरी जाताना आण्णा सगळ्यांच्या पुढं होते. घराच्या दारात ते मागं न बघता म्हणाले, "जीप सकाळी आठला येणार. खुळीला बसवायचं म्हंजी बसवायचं." कमळी शेरडं आत घालत होती, एक डोळा सुजून मिटला होता, तरी एकेकाच्या पाठीवर हात ठेवून आत सोडत होती.

सकाळी मी उठले तेव्हा गोठा रिकामा होता. माय भाकऱ्या थापत होती. "कमळी कुठाय?" आण्णांनी विचारलं. "गेली शेरडं घिऊन," माय म्हणाली. "कुठं?" "शेरडं नेत्याल तिकडं." त्यांनी गावाबाहेर जाऊन माळाकडे तोंड करून हाका मारल्या. एका हाताने काठी पेलवत नव्हती, म्हणून मायवर उगारली नाही. जीप आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मी चप्पल घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"तू कुठं?" आण्णा.

"हात बसवायला. जीप सांगितलेलीच हाय."

"दागदरला म्हणावं, म्होरल्या अमावस्येला आणतो तिला," एवढंच आण्णा म्हणाले.

वाट खराब होती. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांपुढं अंधार यायचा. दवाखान्यात कागद तयार होता. वर कमळीचं नाव कुणीतरी चुकीचं लिहिलेलं, खाली 'पेशंटचा अंगठा' म्हणून एक चौकोन आणि 'नातेवाइकाची सही' म्हणून एक रेघ. टेबलावरच्या बाई पंचेचाळिशीच्या, जाडजूड, कामाच्या घाईतल्या.

"पेशंट कुठाय?"

"मी हाय. हात मोडलाय."

"अगं, ऑपरेशनचा पेशंट."

"ती न्हाय येणार. ती नको म्हणाली."

"ती खुळी ना?" बाईंनी कागद उलटा करून बघितला, जणू मागं काही लिहिलेलं असेल. "तिच्या नकोला काय अर्थ?"

"मग तिच्या अंगठ्याला काय अर्थ हुता? चौकोन तर तुमी तिच्याच नावाचा काढलाय."

बाईंनी आत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टर तरुण होते, हात धुवून आले होते, बोटं वर धरलेली. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, चिंध्यांवरच्या हळदीकडे पाहिलं.

"कोण तू?"

"बहीण. अठरा पूर्ण हायत."

"तुझे वडील पुढच्या महिन्यात घेऊन आले तर?"

"तवा बी तिलाच विचारा. तोंडी न्हाय. दाखवून."

"हे लिहून देशील?" ते म्हणाले. पुढं दवाखान्यातल्या नोकरीत अनेक डॉक्टरांच्या तोंडून मी हे ऐकलं. समोरचा माणूस घाबरून मागं सरावा म्हणून ते विचारतात. मी बाईंकडून पेन मागितलं. मोडलेला हात डावा होता, मी लिहिते उजव्याने. चौकोनावरून एक आडवी रेघ मारली, सहीच्या रेघेखालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: "माझी बहीण कमळ हिला वळ दाखवून, दोन्ही बाजू सांगून विचारले. तिने नको सांगितले. मारल्यावर हो म्हणाली, ते धरू नये." खाली सही केली, कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि डावा हात टेबलावर ठेवला.

"आता हे बघा," मी म्हणाले.